लॉस एंजेलिस युनिफाइड : मुले घटली, पैसा वाढला, तरी शाळेत माणसे अपुरी का?

हिशेबी (धागाकर्ता)

सरकारी शाळा चालवणाऱ्या लॉस एंजेलिस युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एलएयूएसडीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, अब्जावधी डॉलर येतात ते जातात कुठे. आणि दुसरे म्हणजे, एका समुपदेशकाच्या गळ्यात शेकडो मुले आणि विशेष शिक्षणाच्या, म्हणजे अपंग मुलांच्या, वर्गाला कायमचा शिक्षक नाही, मग पैसा पुरतो असे म्हणायचे कसे. ही वाक्ये म्हणणारे एकमेकांना खोटे ठरवत असतात. माझ्या मते दोन्ही खरी आहेत आणि एकाच कारणाने खरी आहेत : इथे पैसा मुलाबरोबर येतो आणि मुलाबरोबरच जातो, खर्च मात्र मूल गेले तरी शाळेतच राहतो.

आधी आकार लक्षात घेऊ. न्यूयॉर्कखालोखाल देशातला हा दुसरा मोठा डिस्ट्रिक्ट. सातशेहून अधिक चौरस मैलांच्या या पसाऱ्यात लॉस एंजेलिस शहराबरोबर साउथ गेट, हंटिंग्टन पार्क, बेल, सॅन फर्नांडो, वेस्ट हॉलिवूड अशी वीसहून अधिक लहान शहरे पूर्ण किंवा अंशतः येतात; उलट शहराला खेटून असलेल्या बेव्हर्ली हिल्स, कल्व्हर सिटी, बरबँक यांचे डिस्ट्रिक्ट वेगळे आहेत. कारभार सात निवडून आलेल्या सदस्यांच्या मंडळाकडे आहे. वार्षिक अंदाजपत्रक अलीकडच्या वर्षांत १८ अब्ज डॉलरच्या घरात असते. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळा) धरून पटसंख्या ७ लाख ४० हजारांच्या वर होती. आज डिस्ट्रिक्ट स्वतः चालवतो त्या शाळांत चार लाखांच्या आसपास मुले आहेत आणि स्वतंत्र चार्टर शाळांत आणखी एक लाखाहून अधिक.

आता एक काल्पनिक शाळा घेऊ. बालवर्गाच्या आधीच्या वर्गापासून, म्हणजे टीकेपासून, पाचवीपर्यंत सात इयत्ता आणि ६०० मुले. पुढच्या वर्षी ३० मुले कमी झाली, तर उत्पन्न पाच टक्क्यांनी घटले. पण ही ३० मुले एकाच वर्गातून उठून जात नाहीत. दर इयत्तेतून चार-पाच जातात. त्यामुळे एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी करता येत नाही, मुख्याध्यापक तोच, कार्यालय तेच, गच्ची तीच आणि वातानुकूलनाचे बिलही तेच. कमी करता येतात ती फक्त वर्गाबाहेरची माणसे : ग्रंथालयातली मदतनीस, अर्धवेळ समुपदेशक, शनिवारच्या शिकवणीचा शिक्षक. म्हणून पालकाला जे दिसते ते कपातीचेच चित्र असते, आणि अंदाजपत्रक वाचणाऱ्याला त्याच वर्षी दरडोई रक्कम वाढलेली दिसते.

दरडोई रक्कम वाढते याचे कारण राज्याच्या कायद्यात आहे. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांच्या कौलाला ठेवलेला कायदा) राज्याच्या सर्वसाधारण निधीचा ढोबळमानाने चाळीस टक्के वाटा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी बांधून ठेवला. राज्याचे उत्पन्न वाढले आणि राज्यभरातली मुले घटली, की तोच वाटा कमी डोक्यांत विभागला जातो. एलएयूएसडीला हा फायदा मिळतो, पण इथली मुले राज्याच्या सरासरीपेक्षा वेगाने घटत असल्यामुळे तो हातात फार काळ टिकत नाही.

व्हॅलीकर

मांडणी पटली, पण एक मूलभूत शंका आहे. इथल्या सॅन फर्नांडो व्हॅलीत घर घेतले की मालमत्ता कराचा आकडा पाहून छातीत धस्स होते. तो कर आमच्याच शाळांना मिळतो अशी माझी समजूत होती. मग राज्य सरकार मध्ये कुठून आले?

हिशेबी

व्हॅलीकर, आपली समजूत देशातल्या बहुतेक राज्यांच्या बाबतीत बरीचशी बरोबर ठरली असती, आणि कॅलिफोर्नियातही पन्नास वर्षांपूर्वी तशीच स्थिती होती. बदल दोन बाजूंनी झाला. ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये असे म्हटले की, शेजारच्या घरांच्या किमतीवर मुलाच्या शिक्षणाची रक्कम ठरणे समानतेच्या तत्त्वात बसत नाही. हा खटला लॉस एंजेलिस काउंटीतल्या पालकांनीच लढवला होता. (दोनच वर्षांनी टेक्ससमधल्या ‘रॉड्रिग्ज’ खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली, त्यामुळे हा प्रश्न राज्याराज्यांच्या संविधानांवर सोडला गेला.) त्यानंतर १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ आले. कर खरेदीकिमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवण्यास बंदी आली. आपल्या शेजारी १९७९ साली घर घेतलेले आजोबा आपल्या कराच्या कितीतरी पट कमी कर भरत असतील, तो याचाच परिणाम.

तेव्हापासून सूत्रे राज्याची राजधानी सॅक्रामेंटोकडे गेली. मालमत्ता कराचा काही भाग आजही डिस्ट्रिक्टला मिळतो, पण तो राज्याने ठरवून दिलेल्या रकमेत वळता करून घेतला जातो. म्हणजे स्थानिक कर वाढला तर राज्याची भर तेवढी कमी होते. ज्या मोजक्या श्रीमंत डिस्ट्रिक्टांचा स्थानिक करच ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त भरतो, त्यांना वरची रक्कम ठेवून घेता येते. एलएयूएसडी त्यांच्यात नाही.

आजचे सूत्र २०१३ चे आहे. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात ‘लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला’ आला आणि आधीची डझनावारी बंधनयुक्त अनुदाने त्याने एकत्र केली. प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम; मूल गरीब घरातले, इंग्रजी शिकत असलेले किंवा फॉस्टर केअरमधले (सरकारने पालकांऐवजी दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलेले) असेल तर मूळ रकमेच्या आणखी २० टक्के; आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले की त्या रेषेच्या वरच्या प्रत्येक मुलामागे केंद्रीकरण अनुदान, जे आधी ५० टक्के होते आणि २०२१ मध्ये ६५ टक्के झाले. एकच मूल गरीबही असेल आणि इंग्रजी शिकणारेही, तरी ते एकदाच मोजले जाते. एलएयूएसडीत पाचातली चारहून अधिक मुले या मोजणीत बसतात. म्हणून दरडोई रक्कम शेजारच्या सुखवस्तू उपनगरापेक्षा कागदावर जास्त दिसते, आणि ‘एवढा पैसा मिळतो’ हे वाक्य जन्माला येते.

खडूफळा

मी याच डिस्ट्रिक्टमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे माणसांच्या बाजूने लिहिते. बाहेरच्यांना वाटते की शिक्षक कमी म्हणजे सगळीकडे सारखेच कमी. तसे नसते. सामाजिक शास्त्राच्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, आणि त्याच इमारतीत विशेष शिक्षणाची जागा बदली शिक्षकांवर वर्षभर रेटली जाते. द्विभाषिक शिक्षक, विज्ञान, गणित, वाक्-उपचारतज्ज्ञ, शालेय मानसतज्ज्ञ, या जागा नेहमीच्या दुखण्याच्या आहेत. त्यामुळे ‘पटसंख्या घटली, मग शिक्षक जास्त झाले असतील’ हे गणित एकाच वेळी बरोबरही असते आणि निरुपयोगीही.

दुसरी गोष्ट पंधरा मार्चची. कॅलिफोर्नियात पुढच्या वर्षी शिक्षक कमी करायचे असतील तर त्यांना १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस द्यावी लागते आणि १५ मेपर्यंत अंतिम. राज्याचे अंदाजपत्रक मात्र जूनअखेर ठरते. म्हणजे पैसे किती येणार हे कळण्याआधीच कोणाला काढायचे ते सांगावे लागते. वाईटात वाईट धरून नोटिसा निघतात, त्यांतल्या बऱ्याचशा पुढे मागे घेतल्या जातात, पण मधल्या काळात ज्याला दुसरीकडे जाता येते तो निघून जातो.

आणि नोटिसांचा क्रम ज्येष्ठतेने लागतो. नवखे शिक्षक कुठे असतात? जिथे टिकणे अवघड तिथे. २००८ नंतरच्या मंदीत दक्षिण लॉस एंजेलिस आणि आसपासच्या काही माध्यमिक शाळांत इतक्या जणांना नोटिसा गेल्या की पुढच्या वर्षी मुलांसमोर बदली शिक्षकांची रांग उभी राहिली. गॉम्पर्स, मार्कहॅम आणि लीक्टी या तीन शाळांच्या मुलांच्या वतीने २०१० मध्ये ‘रीड’ खटला दाखल झाला तो यावरूनच. ‘व्हर्गारा’ खटल्यात २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ज्येष्ठतेचे आणि कायमपणाचे नियमच घटनाबाह्य ठरवले, पण २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. मी स्वतः शिक्षक संघटनेची सदस्य आहे आणि ज्येष्ठतेचे संरक्षण नसते तर महागडा अनुभवी शिक्षक आधी काढला गेला असता, हे मला पटते. तरीही कपातीचा भार ठरावीक शाळांवरच पडतो, हे नाकारता येणार नाही.

जानेवारी २०१९ चा संप अनेकांना केवळ पगारवाढीचा वाटतो. तीस हजारांहून अधिक शिक्षक सहा शालेय दिवस बाहेर होते, आणि पगारवाढ ६ टक्केच ठरली, जी संपाआधीही जवळपास देऊ केलेलीच होती. खरी ओढाताण वर्गातल्या मुलांच्या संख्येवर होती. जुन्या करारात एक कलम होते, ज्याच्या आधारे आर्थिक अडचण दाखवून प्रशासन वर्गसंख्येची मर्यादा बाजूला ठेवू शकत असे. ते कलम गेले, आणि प्रत्येक शाळेत पूर्ण आठवडा नर्स, माध्यमिक शाळांत ग्रंथपाल आणि अधिक समुपदेशक द्यायचे ठरले. आता ठरले म्हणून नर्स उगवत नाही. रुग्णालय तिला जास्त पगार देते, आणि शाळेच्या नर्सला परिचर्येच्या पदवीवर शाळेसाठीचे वेगळे प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

शंकासुर

खडूफळा यांच्या प्रतिसादात शिक्षकांविषयी पुष्कळ आहे, पण खर्चाच्या सर्वांत मोठ्या ओळींविषयी काहीच नाही. शाळेचा बहुतांश खर्च पगार आणि लाभ यांवरच होतो, हे मान्य. पण लाभ म्हणजे काय ते तरी सांगायला हवे. कॅलस्टर्स या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीत डिस्ट्रिक्टला पगाराच्या ८.२५ टक्के भरावे लागत. २०१४ च्या कायद्याने तो हप्ता टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि आता १९.१ टक्के आहे. त्यावर निवृत्तांना आणि त्यांच्या जोडीदारांना आरोग्यविमा देण्याचे जुने वचन, ज्याचे देणे अब्जावधी डॉलरचे आहे आणि त्यासाठी बाजूला टाकलेली रक्कम त्या मानाने तुटपुंजी. या पैशातून आज शाळेत असलेल्या एकाही मुलाला काही मिळत नाही.

महामारीचे पैसेही विसरू नका. ‘एसर’ या नावाखाली केंद्राने देशभरातल्या शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, आणि शेवटच्या हप्त्याचा पैसा कोणत्या खर्चासाठी आहे हे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवणे बंधनकारक होते. एकदाच येणाऱ्या पैशातून कायमची माणसे नेमायची आणि मग पैसा संपला म्हणून राज्याकडे बोट दाखवायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. माझा आक्षेप अंथरूण लहान असल्याला नाही. अंथरूण लहान होते आहे हे वीस वर्षे दिसत असूनही पाय पसरत गेल्याला आहे.

खडूफळा

शंकासुर, निवृत्तिवेतनाचा हप्ता डिस्ट्रिक्टने वाढवलेला नाही, विधिमंडळाने वाढवला. आणि कॅलिफोर्नियातले शिक्षक सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेत नसल्यामुळे बहुतेकांसाठी म्हातारपणी तेवढाच आधार असतो. निवृत्तांच्या विम्याबाबत आपला मुद्दा मात्र वजनदार आहे.

पाय पसरण्याविषयी मात्र एक सांगते. मार्च २०२३ मध्ये तीन दिवस शाळा बंद होत्या, त्या संपात पुढे होते ते बसचालक, स्वयंपाकघरातले कर्मचारी, सफाई कामगार आणि विशेष शिक्षणाच्या वर्गातले मदतनीस. एसईआययू लोकल ९९ या त्यांच्या संघटनेने सदस्यांची सरासरी कमाई वर्षाला २५ हजार डॉलर सांगितली होती, कारण अनेकांना अर्धवेळच काम मिळते. लॉस एंजेलिसच्या भाड्यात त्या पैशांत काय होते हे आपण जाणता. सुमारे ३० टक्के वाढ मिळाली. शिक्षकांच्या करारातही त्याच वर्षी तीन वर्षांत मिळून २१ टक्के वाढ ठरली. हे दोन्ही करार अंदाजपत्रकात जड जातात यात वाद नाही. पण ज्या मदतनिसाशिवाय व्हीलचेअरवरचे मूल शौचालयापर्यंतही जाऊ शकत नाही, तिला टिकवण्याच्या खर्चाला उधळपट्टी म्हणता येत नाही.

विशेष शिक्षणाचेच पाहा. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने अपंग मुलांच्या शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्याच्या वाढीव खर्चापैकी ४० टक्क्यांपर्यंत भार केंद्र उचलेल असे ठरले. प्रत्यक्षात केंद्राचा वाटा १५ टक्क्यांच्याही खाली राहिला आहे. हक्क मात्र पुरता बंधनकारक आहे. मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात, म्हणजे आयईपीमध्ये, उपचारतज्ज्ञ लिहिला की तो द्यावाच लागतो, पैसे असोत वा नसोत. ती तूट सर्वसाधारण निधीतून भरली जाते, आणि एकूण मुले घटत असताना विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचे प्रमाण मात्र वाढते आहे.

जनगणक

‘वीस वर्षे दिसत होते’ या शंकासुरांच्या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोकांना दिसत होते ते याच्या बरोबर उलटे.

१९९० च्या दशकात इथल्या शाळांत जागाच नव्हती. अनेक शाळा वर्षभर तीन तुकड्यांत चालत. दोन तुकड्या वर्गात आणि एक सुट्टीवर, अशी पाळी. ‘कन्सेप्ट ६’ नावाच्या त्या वेळापत्रकात मुलांना १८० ऐवजी १६३ दिवस शाळा मिळत असे, दिवस थोडा लांबवून तास भरले जात. हजारो मुलांना जवळच्या शाळेत जागा नाही म्हणून बसने व्हॅलीत धाडले जात होते. मग मतदारांनी १९९७ पासून एकामागून एक रोखे मंजूर केले आणि १३१ नव्या शाळा उभ्या राहिल्या. रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली त्या अॅम्बॅसडर हॉटेलच्या जागेवरचे शाळासंकुल २०१० मध्ये उघडले, तेव्हा त्याचा ५७ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च देशभर गाजला. शेवटच्या शाळा बांधून होईतो मुले घटू लागली होती. इमारत बांधायला दहा वर्षे लागतात आणि जन्मदर तेवढ्यात पालटतो, ही या सगळ्या गोष्टीतली सर्वांत क्रूर बाजू आहे.

लॉस एंजेलिस काउंटीत १९९० च्या सुमारास वर्षाला दोन लाखांवर जन्म होत. आता तो आकडा त्याच्या निम्म्यावर आला आहे. त्यात घरांच्या किमतीची भर. तरुण कुटुंबे रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो, त्याहून पुढे नेवाडा, टेक्सासकडे सरकली. चार्टर शाळांनी मुले खेचली हे खरे, पण पुढे त्यांचीही वाढ थंडावली. जी मुले जन्मलीच नाहीत ती कोणत्याच शाळेत येत नाहीत. बाहेरून येणाऱ्या कुटुंबांनी ही तूट पूर्वी भरून काढली होती. आता तो ओघही बेभरवशाचा आहे, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात शहरात जे स्थलांतरविरोधी छापे पडले त्यानंतर शाळेत नाव घालायलाही काही पालक कचरत असतील तर नवल नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या १९८२ च्या निकालाने कागदपत्रे नसलेल्या मुलालाही शाळेचा दरवाजा उघडा ठेवला आहे, पण निकालाची प्रत दाखवून भीती जात नाही.

कोण उरले, तेही पाहू. चारातली जवळपास तीन मुले लॅटिनो आहेत. गोरी मुले दहा टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय त्याहून काहीशी कमी, आणि आशियाई त्यांच्याहूनही कमी. साधारण पाचातले एक मूल इंग्रजी शिकणारे म्हणून नोंदलेले. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा नव्वदहून अधिक असल्या तरी स्पॅनिश फार मोठ्या फरकाने पुढे आहे. १९६० च्या दशकात गोरी मुले या डिस्ट्रिक्टमध्ये निम्म्याच्या आसपास होती. ‘क्रॉफर्ड’ खटल्यानंतर १९७८ मध्ये वंशमिश्रणासाठी सक्तीची बससेवा सुरू झाली आणि १९८१ मध्ये बंद पडली. तोवर बरीच कुटुंबे उपनगरांत किंवा खासगी शाळांत निघून गेली होती, आणि जी गेली ती सगळी बसमुळेच गेली असे मात्र नाही. वंशमिश्रणाच्या हेतूने काढलेल्या, एखाद्या विषयावर भर देणाऱ्या मॅग्नेट शाळा तेवढ्या उरल्या, आणि आज सुशिक्षित मराठी पालक ज्यांच्या गुणांकनाच्या चर्चा करतात त्या बहुतेक याच.

सांगायचे असे की, घट सगळ्या थरांत सारखी झालेली नाही. ज्यांना जाणे परवडते ते आधी जातात. मागे उरणाऱ्यांत गरजवंतांचे प्रमाण वाढते, आणि सूत्रातली जादा रक्कम याच कारणाने वाढते. शेजारच्या शहरापेक्षा दरडोई जास्त पैसा मिळतो याचा अर्थ डिस्ट्रिक्ट श्रीमंत आहे असा नाही. त्याच्याकडे सोपवलेले काम जास्त अवघड आहे, एवढाच आहे.

व्हॅलीकर

जनगणक यांच्या प्रतिसादावरून एकच प्रश्न उरतो. इमारती जास्त आणि मुले कमी, तर शाळा एकत्र का करत नाहीत? कुठलाही कारखाना चालवणारा हेच करेल.

हिशेबी

करेल, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या गणिताचे तार्किक उत्तरही तेच आहे. पण शिकागोने २०१३ मध्ये एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, त्याकडे पाहावे. बंद झालेल्या शाळांतली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती, वाचलेला पैसा अपेक्षेपेक्षा कमी निघाला, कारण शिक्षक मुलांबरोबर दुसऱ्या शाळेत गेलेच आणि रिकाम्या इमारती विकता विकता नाकी नऊ आले. पटसंख्येची गळतीही थांबली नाही. २०२२ मध्ये शिकागो देशात तिसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर घसरले आणि मायामी-डेड वर गेले.

लॉस एंजेलिसमध्ये आणखी एक गुंता आहे. २००० च्या प्रपोझिशन ३९ नुसार डिस्ट्रिक्टच्या हद्दीतल्या चार्टर शाळांना समतुल्य जागा देणे बंधनकारक आहे. त्यामुळे रिकामा वर्ग रिकामा राहीलच असे नाही. तिथे दुसरी शाळा येऊन बसते, एकच मैदान दोन घंटांवर चालते आणि पालकांत भांडणे लागतात. (त्याच प्रपोझिशनने रोख्यांच्या मंजुरीची अट दोनतृतीयांशावरून ५५ टक्क्यांवर आणली, हेही लक्षात ठेवण्याजोगे.) इमारती एकत्र करायला मी विरोध करत नाही. मात्र एकत्रीकरणातून वाचणारी रक्कम मुख्यतः मुख्याध्यापक, कार्यालय आणि देखभाल यांची असते, आणि ती दोन-तीन वर्षांनी हाती लागते. यंदाची तूट यंदा भरायला तिचा उपयोग नाही.

शंकासुर

रोख्यांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ‘मेजर यूएस’ या नावाने ९ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. मुले घटत असताना इमारतींसाठी ९ अब्ज, आणि माणसांसाठी पैसा नाही. हे सामान्य करदात्याला कसे समजवायचे?

हिशेबी

कायद्याने दोन वेगळ्या पेट्या केल्या आहेत, एवढेच उत्तर आहे. रोख्यांचा पैसा छत, भूकंपरोधक बांधणी, शिशाचे नळ, वायरिंग यांवरच खर्च करता येतो. त्यातून पगार देता येत नाही. जुन्या इमारतींची दुरवस्था खरी आहे, त्यामुळे ते पैसे वाया जातात असे मी म्हणणार नाही. माणसांसाठी स्थानिक पैसा उभारायचा तर पार्सल टॅक्स, म्हणजे किमतीवर न ठरणारा मालमत्तेवरचा कर, लावावा लागतो आणि त्याला बहुतेक वेळा दोनतृतीयांश मते लागतात. २०१९ च्या संपाला लोकांनी भरभरून पाठिंबा दिला, आणि पाचच महिन्यांनी ‘मेजर ईई’ हा बांधकामाच्या चौरस फुटावरचा कर मतदानाला आला तेव्हा त्याला निम्मीही मते पडली नाहीत.

खडूफळा

हजेरीचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही, आणि माझ्या मते इथे सर्वांत जास्त काही करता येण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया पैसे देते ते पटावरच्या नावांवर नाही, तर वर्षभराच्या सरासरी रोजच्या उपस्थितीवर. टेक्सससारखी मोजकीच राज्ये असे करतात. १९९८ पर्यंत आजारपणाची रजा उपस्थिती म्हणून धरली जात असे; आता तापाने घरी राहिलेल्या मुलाचेही पैसे मिळत नाहीत. महामारीनंतर राज्यभरात दीर्घ गैरहजेरीचे प्रमाण, म्हणजे शाळेच्या दहा टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण, १२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३० टक्क्यांवर गेले. एलएयूएसडीत ते त्याहून जास्त होते. वर्गात तीस मुलांची तयारी करायची, पगारही तीस मुलांच्या वर्गाचा द्यायचा आणि पैसे सत्तावीस मुलांचे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

नावनोंदणीवर पैसे द्यावेत, असा प्रस्ताव विधिमंडळात येऊन गेला आहे. विरोधकांचे म्हणणे, मग मुलांना शाळेत आणण्याची डिस्ट्रिक्टला काय निकड राहणार? हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. ज्या मुलाला दमा आहे, ज्याचे घर महिन्यातून दोनदा बदलते, ज्याची आई रात्रपाळी करते, ते मूल गैरहजर राहते आणि त्याच्या शाळेचे पैसे कापले जातात. म्हणजे त्याला शाळेत आणण्यासाठी जी समाजसेविका हवी, तिचेच पैसे जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

राज्याने २०२२ पासून थोडी सूट दिली : चालू वर्ष, मागचे वर्ष किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी, यांतली जी उपस्थिती जास्त ती धरायची. यामुळे घसरण मऊ होते, पण टळत नाही. तीन वर्षांनी हिशेब गाठतोच.

जनगणक

यात एक बारकावा जोडतो. गरीब मुलांची मोजणी पूर्वी माफक दरातल्या जेवणाच्या अर्जावरून होत असे. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात सर्वच मुलांना शाळेत मोफत जेवण मिळते. धोरण उत्तम, पण अर्ज भरण्याचे कारणच संपले. आता शाळा केवळ मोजणीसाठी उत्पन्नाचा वेगळा अर्ज भरून घेतात. तो भरला नाही तर मूल गरीब असूनही सूत्रात गरीब ठरत नाही आणि त्याची २० टक्के जादा रक्कम बुडते. सरकारी कागदावर नाव-पत्ता लिहायला जी कुटुंबे आज सर्वाधिक घाबरतात, नेमकी त्यांचीच मोजणी चुकते.

शंकासुर

ठीक आहे. सूत्र, रोखे, हजेरी सगळे समजले. पण जादा रक्कम ज्या मुलांच्या नावाने येते त्यांच्याच शाळेत खर्च होते का, हे कोणी पाहते का? सूत्र आल्यानंतरच्या वर्षांत विशेष शिक्षणाचा खर्च जादा रकमेच्या खात्यात दाखवल्याबद्दल एलएयूएसडीवर खटला झाला होता आणि २०१७ मध्ये तडजोड करून डिस्ट्रिक्टला ठरावीक शाळांना पैसे द्यावे लागले. कलाशिक्षणासाठीच्या प्रपोझिशन २८ च्या पैशांवरूनही २०२५ मध्ये न्यायालयात दावा गेला आहे.

हिशेबी

पाहण्याची सोय कायद्यात आहे, तिचा वापर कमी होतो. दरवर्षी १ जुलैच्या आत मंडळाने एलकॅप हा पैसा कशावर खर्च होणार ते सांगणारा आराखडा मंजूर करावा लागतो. तो शेकडो पानांचा असतो, पण ‘वाढीव किंवा सुधारित सेवा’ या शीर्षकाचा भाग वाचला की जादा रक्कम कुठे दाखवली आहे ते कळते, आणि मागच्या वर्षी ठरवलेल्यापैकी किती खर्च झाली नाही तेही तिथे लिहावे लागते. त्यानंतर डिसेंबर आणि मार्चमध्ये अंतरिम आर्थिक अहवाल येतात. काउंटीचे शिक्षण कार्यालय चालू आणि पुढची दोन वर्षे असा तीन वर्षांचा हिशेब त्यात तपासते. ‘तिसऱ्या वर्षी तूट’ ही बातमी दरवर्षी येते ती यातूनच. ती वाचताना चालू वर्षाची राखीव गंगाजळीही शेजारी ठेवून पाहावी, कारण संघटना तिच्याकडे बोट दाखवते आणि प्रशासन तिसऱ्या वर्षाकडे.

आपल्या शाळेपुरते पाहायचे असेल तर स्कूल साइट कौन्सिलची, म्हणजे शाळेतल्या पालक-कर्मचाऱ्यांच्या समितीची, बैठक गाठावी. केंद्राच्या टायटल वन या गरीब मुलांच्या शाळांसाठीच्या निधीतून शाळेला मिळणारी रक्कम कोणत्या माणसावर खर्च करायची, यावर तिथे पालकांचे प्रत्यक्ष मत घेतले जाते. बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि ती सहसा शाळेच्या कार्यालयाबाहेर लावलेली असते. पुढच्या वर्षाचे शाळानिहाय वाटप वसंत ऋतूत होते, त्यामुळे मेमध्ये जाऊन उपयोग नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे.